ट्रान्सपोजचं बटण आणि गायकाचा घसा
गाणं सुरू व्हायच्या तोंडावर गायिका हळूच म्हणते, "दादा, आज घसा बसलाय. काळी चार नको, पांढरी पाच घ्या." आपण ट्रान्सपोज उणे एक करतो, बोटं तीच. इथवर सोपं.

पण पुढच्या अंतऱ्याला रजिस्ट्रेशनचं बटण दाबलं, की स्टाइल आणि टोनसोबत त्यात साठवलेला ट्रान्सपोजही परत येऊ शकतो. माझ्या हातून हे झालंय. मुखडा पांढरी पाचमध्ये, अंतरा एकदम काळी चारमध्ये! बाई वरच्या सुराला पोचल्याच नाहीत, आणि लोक बघत होते त्यांच्याकडे. माझ्याकडे कुणीच नाही. यामाहाच्या बऱ्याच मॉडेलांत फ्रीझ असतं. त्यात ट्रान्सपोज गोठवा, आणि तालमीतच तपासा.

शेवटचा मुखडा पांढरी एकवरून काळी एकला चढवायचा असेल, तर आधीचा अख्खा बार नव्या पट्टीच्या पंचमाचा सेव्हन्थ द्या, म्हणजे जी शार्प सेव्हन. गायकाला नवा सा आपोआप सापडतो. डावा हात उचलला तरी स्टाइल आधीची कॉर्ड धरून ठेवते; तेवढ्यात अधिक एक दाबा आणि नेहमीचा जी सेव्हन वाजवा. ऐकू येईल जी शार्प सेव्हन.

हां, गिटारवाला पट्टी विचारील. त्याला तुमची बोटं कुठे आहेत ते सांगू नका, स्पीकरमधून काय येतंय ते सांगा.