घाई चेहऱ्याला सोसत नाही

कवी माणूस चेहऱ्यावर बोलणार म्हटल्यावर तुम्हाला चंद्र आणि गुलाब आठवले असतील. मी मात्र आज मुरुमांवर बोलणार आहे.

आमच्या पडेगावात मागच्या गल्लीतच माझी बहीण राहते. तिची मुलगी कॉलेजात शिकते. एका उन्हाळ्यात पोरगी तोंडाला ओढणी बांधून फिरू लागली. दौलताबाद रस्त्यावर स्कूटीवरच्या साऱ्याच मुली तोंड बांधतात, त्यामुळे आम्ही ते ऊन-धुळीवर टाकलं. अम्मीला वाटलं, नात पडदा पाळू लागली. ती मनोमन खूश! पण पोरगी घरातही ओढणी सोडेना. शेवटी एकदा माझ्यापाशी रडली. म्हणाली, "मामू, आईना देखने को डर लगता."

ओढणीखाली गाल लालभडक झाले होते. मुरुमांसाठी मैत्रिणीनं सांगितलेली 'गोरं करणारी' ट्यूब तिनं एका दुकानातून आणली होती. आठ दिवसांत मुरूम दबले, रंगही उजळला. सगळे तारीफ करू लागले. दोन महिन्यांनी ट्यूब थांबवली, तर चेहऱ्याची आग आणि मुरूम दुप्पट.

आम्ही घाटीत गेलो. डॉक्टरीणबाईंनी ट्यूब उलटी केली आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. त्यात स्टेरॉइड होतं. ते सूज दाबतं, म्हणून सुरुवातीला जादू वाटते. पण चेहऱ्यावर फार दिवस लावलं, तर कातडी पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि मुरूमही उसळतात. 2018 साली सरकारनं अशा 14 स्टेरॉइडांची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही मागणारा मागतो आणि देणारा देतो.

आधी कातडी शांत करण्यात काही महिने गेले. मग बाईंनी मुरुमांसाठी दिलं ते साधंच औषध, बेन्झॉइल पेरॉक्साइड. मेडिकलच्या दुकानात सहज मिळणारं. तेलानं बुजलेल्या छिद्रात हवा नसते आणि मुरुमांचे जंतू तिथंच पोसतात. हे औषध तिथं ऑक्सिजन सोडतं आणि जंतू मरतात. अँटिबायोटिकला जंतू सरावतात, तसे याला सरावत नाहीत.

पण लावायचं कसं, ते ऐका. अडीच टक्क्यांचं औषध दहा टक्क्यांच्या औषधाइतकंच गुण देतं आणि आग कमी करतं, हे 1986 सालच्या तुलनेतच दिसलं होतं. म्हणजे जास्त तीव्र ते जास्त चांगलं, हा आपला हिशेब इथं चुकतो. सुरुवातीला एक दिवसाआड, रात्री, धुतलेल्या कोरड्या चेहऱ्यावर वाटाण्याएवढंच घ्यायचं. एकेका मुरुमावर टिपके न देता, जिथं मुरूम येतात त्या सगळ्या भागावर पातळ पसरायचं. डोळे आणि ओठ टाळायचे. थोडी कोरड येते. सूज आली किंवा फार आग झाली तर थांबायचं. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. आणि ट्यूब थंड जागी ठेवायची. उन्हात तापलेल्या डिकीत नको. उष्णतेनं या औषधात बेन्झिन हा घातक पदार्थ तयार होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 95 उत्पादनं तपासून 2025 मध्ये निकाल जाहीर केला. बहुतेकांत ते नव्हतं किंवा अत्यल्प होतं, थोडी बाजारातून परत घेतली गेली.

खोल, दुखऱ्या गाठी असतील, खड्डे पडत असतील किंवा मुलीची पाळी अनियमित असेल, तर दुकानापाशी न थांबता डॉक्टर गाठा. टूथपेस्ट आणि लिंबू मात्र चेहऱ्यापासून दूर ठेवा.

एक गंमत सांगतो. हे औषध कापडाचा रंग उडवतं. अम्मीच्या हिरव्या उशीवर पांढरे डाग पडले आणि तिनं धोब्याला चार गोष्टी सुनावल्या. खरं कळल्यावर नातीला पांढरा अभ्रा शिवून दिला.

पुढच्या ईदला भाची शीरखुर्म्याचं पातेलं घेऊन आली. तोंड उघडं होतं. गालांवर चार-दोन डाग होते, ते अजूनही आहेत. अम्मी तिला जवळ घेऊन म्हणाली, "पडदा करायचा तर आपल्या खुशीनं कर बेटा, मुरुमांच्या भीतीनं नको."

श्रोतेहो, आपल्या घरातलं एखादं लेकरू तोंड लपवत असेल, तर त्याला नवी ट्यूब आणून देण्याआधी जवळ बसवून विचारा. आणि हातात ट्यूब असेलच, तर ती उलटी करून बारीक अक्षरं वाचा.