देवघेवीचा हिशेब : रसायनातील समीकरणे



सोलापूर जिल्ह्यातील जुन्या मंडळींना विचारा. पटकीची साथ आली की विहिरीत जांभळे पोटॅश परमँगनेट टाकीत. आग्र्याला काम करणारे हॅन्किन यांनी 1890 नंतरच्या दशकात या उपायाचा पुरस्कार केला होता. आता त्याची जागा ब्लीचिंग पावडरीने घेतली आहे. पाणी गढूळ असले की जांभळा रंग उडे आणि तपकिरी साका तळाशी बसे. हा रंग जातो कुठे?

उत्तर सोपे आहे. परमँगनेटमधला मँगॅनीज इलेक्ट्रॉन घेतो, घाण ते देते. घेणे म्हणजे क्षपण, देणे म्हणजे ऑक्सिडीकरण. एकाने घेतले तर दुसऱ्याने दिलेच पाहिजे. दुकानदाराच्या रोजकीर्दीत जमा आणि नावे जुळतात, तसेच हे.

शाळेत याच परमँगनेटची हिराकशीशी गाठ घालतात, सौम्य गंधकाम्लात. मँगॅनीजचा ऑक्सिडीकरण अंक 7 वरून 2 वर येतो, म्हणजे तो 5 इलेक्ट्रॉन घेतो. लोहाचा 2 वरून 3 होतो. एक लोह एकच इलेक्ट्रॉन देते. तेव्हा एका परमँगनेटला 5 लोह लागणार. आता परमँगनेटमधल्या 4 ऑक्सिजनचे 4 पाणी होते, त्यासाठी 8 हायड्रोजन आयन हवेत. शेवटी विद्युत्‌भार ताडून पाहा : डावीकडे उणे 1, अधिक 8, अधिक 10, म्हणजे 17. उजवीकडे 2 आणि 15, म्हणजे 17. हिशेब जुळला!

पुष्कळ मुले केवळ अणू मोजतात. एक परमँगनेट, एक लोह आणि 8 हायड्रोजन घेतले तरी अणू दोन्हीकडे सारखे भरतात. पण भार डावीकडे 9 आणि उजवीकडे 5! जमाखर्च खोटा.

यात बिघडते काय? गरोदर बायांना आरोग्य केंद्रात लोहाची गोळी मिळते. त्यातले फेरस लोह याच परमँगनेटने मोजता येते. एकास पाचऐवजी एकास एक धरले, तर 60 मिलिग्रॅम लोहाची गोळी 12 ची ठरेल आणि चांगला माल फेकला जाईल.

आणखी एक गोष्ट. आम्ल कमी पडले तर मँगॅनीज 5 ऐवजी 3 च इलेक्ट्रॉन घेतो आणि तोच विहिरीतला तपकिरी साका बसतो. म्हणून समीकरण मांडण्याआधी द्रावण आम्ल आहे की नाही, ते विचारावे.

शिक्षक बंधुभगिनींना दोन विनंत्या. कोरड्या परमँगनेटवर तीव्र गंधकाम्ल कधीही ओतू नका, स्फोट होतो. आणि मुलांकडून आकडे पाठ करून घेऊ नका. कोणी दिले, कोणी घेतले, एवढे विचारा. ज्या घरात उधारीची वही आहे, त्या घरातल्या मुलाला हे समजायला वेळ लागत नाही.