वळलेल्या कडेचा फोन

(मंडळाच्या गणेशोत्सवात सायंकाळच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)





कार्यकारिणीने आम्हाला वीस मिनिटं दिली आहेत. त्यानंतर आरती आणि मग खिरापत आहे, तेव्हा सगळ्यांचं लक्ष कुठे आहे हे आम्ही जाणतो. या मंचावर आपण होळकरांच्या इतिहासावर ऐकलं, नाट्यसंगीतावर ऐकलं. मोबाइलच्या काचेवर कोणी बोललं नसेल. पण आमच्या घरात या काचेने जो गोंधळ घातला, तो ऐकून चिटणीस म्हणाले, हे सगळ्यांना सांगा, निम्म्या घरांत हेच चाललं असेल.

आम्ही पॉलिटेक्निकचे डिप्लोमावाले, राज्य सरकारकडे उपयंत्री. आमच्या खात्यात एमबी म्हणजे मेजरमेंट बुक, मोबाइलवाल्यांची एमबी वेगळी. काम कितीही देखणं दिसलं तरी माप घेतल्याशिवाय त्याचं बिल निघत नाही. ही सवय घरी फार उपयोगाची नसते असं आमच्या सौभाग्यवतींचं मत आहे. या प्रकरणात मात्र ती उपयोगी पडली. खरं तर फोन घेण्याआधी पडली असती तर बरं झालं असतं.

आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. ती देवासला जुन्या घरात राहते. आम्ही इथे इंदूरला, ताई ग्वाल्हेरला, धाकटा पुण्याला. तिघांनी वर्गणी काढून आईला चांगल्यातला फोन द्यायचं ठरवलं. जेल रोडवर गेलो. दुकानदाराने तीन फोन सपाट पडद्याचे दाखवले आणि चौथा काढला तो दोन्ही बाजूंना काच खाली वळलेला. पडदा सुरू केला तर चित्र कडेवरून ओघळतंय असं वाटलं. आम्ही सगळे एकदम म्हणालो, हाच. त्याची मेमरी किती, कॅमेरा किती हे विचारलं, पण तो कोणाच्या हातात जाणार आहे याचा विचार एकानेही केला नाही. आईने हातात घेऊन म्हटलं, "पाण्याचा तुकडा धरल्यासारखं वाटतंय रे." आम्ही खूश.

आधी ही काच वळते कशी ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातच पुढची सगळी भानगड आहे. पूर्वीचा एलसीडी पडदा म्हणजे मागे दिवा आणि पुढे काचेचं तावदान. तो असा कडेला दुमडता येत नाही. ओएलईडी पडद्यात मागे दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका पणतीसारखा स्वतः उजळतो. हे ठिपके काचेऐवजी पातळ, लवचीक प्लास्टिकच्या थरावर बसवले की पडदा वाकवता येतो. वरची संरक्षक काच मात्र खरी काच असते. ती खूप तापवून साच्यात दाबून वळवतात. म्हणजे तिला बांगडीसारखं घडवावं लागतं. म्हणूनच ती महाग, आणि फुटली की बदलायलाही महाग.

हा प्रकार तसा फार जुना नाही. २०१३ च्या ऑक्टोबरात सॅमसंगने दक्षिण कोरियात गॅलेक्सी राउंड आणला. त्याचा पडदा मधे पन्हाळीसारखा खोलगट. त्याच महिन्यात एलजीने जी फ्लेक्स जाहीर केला, तो वरून खाली केळ्यासारखा वाकलेला. २०१४ च्या गॅलेक्सी नोट एजची फक्त उजवी कड वळली, २०१५ च्या एस ६ एजच्या दोन्ही वळल्या, आणि मग जो तो कडा वळवायला लागला. २०१९ मध्ये ह्वावेच्या मेट ३० प्रोचा पडदा बाजूंना ८८ अंश, म्हणजे जवळजवळ काटकोनात खाली उतरला. बाजूला आवाजाची बटणं बसवायला जागाच राहिली नाही, तेव्हा आवाज वाढवायचा तोही काचेवर टिचकी मारून! पुढे पंधरा-वीस हजारांपासूनच्या फोनांतही ही वळणं आली. आणि गंमत बघा, सॅमसंगने २०२४ च्या जानेवारीत एस २४ अल्ट्रा आणला तो सपाट पडद्याचा. ॲपलने तर आयफोनला असा बाजूंना उतरणारा पडदा कधी दिलाच नाही. म्हणजे ज्यांनी ही फॅशन घरोघरी नेली, तेच तिच्यातून मागे फिरले, आणि आम्ही त्यानंतर ती विकत घेतली. सरकारी माणसाकडे प्रत्येक गोष्ट उशिराच पोचते.

आता मूळ गोष्ट.

फोन देऊन महिना झाला आणि आईचे फोन विचित्र व्हायला लागले. बोलता बोलता आवाज बंद. व्हिडिओ कॉलवर चेहरा एकदम नाहीसा. आम्ही केलेला फोन ती उचलायची नाही. मग अर्ध्या तासाने तिचाच यायचा, "तू फोन केलास का? मला उचलता येत नव्हता." आम्ही म्हणायचो, अगं, हिरवं बटण वर सरकव. ती म्हणायची, सरकवते रे, सरकत नाही. आम्ही चिडायचो. खोटं कशाला बोलू, चिडायचोच. दिवसभर साइटवर आणि संध्याकाळी बैठकीत गेल्यावर माणसाचा आवाज चढतो.

त्यातच ताईने व्हिडिओ कॉल केला, मुलाचं लग्न ठरवतोय हे सांगायला. मुलगी आपल्यातली नाही, आईला कसं वाटेल याची ताईला आधीच धाकधूक. "मुलगी आपल्यातली नाहीये गं" इतकं ती बोलली आणि आईचा चेहरा गेला, आवाज गेला. पुन्हा लावला तर उचलला नाही. ताईने अर्थ लावला की आईने फोन ठेवून दिला. इकडे आईला वाटलं, ताईलाच आपलं मत नको आहे म्हणून तिने बोलणं मधेच तोडलं. दोघी मानी. तीन आठवडे देवास आणि ग्वाल्हेर यांच्यात एक शब्द नाही. आम्ही मधल्यामधे निरोपे.

आणि याहून वाईट म्हणजे आई मनातून खचत चालली होती. एक दिवस म्हणाली, "माझ्या हातांना आता कळेनासं झालंय. डोकंही विसरतंय बहुतेक." आम्ही डॉक्टरांची वेळ घेतली. फोनचा दोष असेल असं आमच्या मनातही आलं नाही. महागाचा होता ना!

डॉक्टरांकडे जायच्या आधीच्या रविवारी देवासला गेलो. आईला म्हटलं, तू काही बोलू नकोस, नेहमीसारखा फोन हाताळ, आम्ही नुसतं बघतो. समोर मोडा घेऊन बसलो. शेजारच्या खोलीतून सौभाग्यवतींनी एकामागून एक फोन लावायचा आणि आम्ही शाळेच्या वहीत टिपायचं. उचलता आला, नाही आला, उचलून गेला.

वीस वेळा फोन लावला, त्यात सात वेळा घोटाळा झाला. आणि कारण आमच्या डोळ्यांसमोर होतं.

आमची मुलं फोन बोटांच्या टोकांवर तोलतात. आई फोन तळव्यात धरते, गरम भांडं सांडशीत धरावं तसा घट्ट, कारण वळलेली कड गुळगुळीत असते आणि तिला तो निसटायची भीती. त्यामुळे अंगठ्याखालचा मांसल भाग डाव्या कडेवर आणि चार बोटांची टोकं उजव्या कडेवर येतात. सपाट फोनला तिथे चौकट असते, या फोनला तिथे पडदाच आहे. म्हणजे आईने नुसता फोन धरला तरी फोनच्या लेखी ती पाच ठिकाणी बोट लावते आहे. मग दुसऱ्या हाताच्या बोटाने हिरवं बटण सरकवलं तर फोनला कळत नाही की यातला खरा स्पर्श कोणता. त्यातून वयामुळे बोटं कोरडी. हा पडदा बोटातून होणाऱ्या विद्युतभाराच्या फरकावर चालतो, आणि कोरड्या कातडीचा स्पर्श त्याला कमी समजतो.

बोलणं मधेच नाहीसं होण्याचं कारण आणखी साधं निघालं. हल्लीच्या फोनांत कडेवरून आत बोट सरकवलं की ती 'मागे जा' अशी खूण असते. बोलता बोलता आई पकड सैल करून पुन्हा घट्ट करायची, तळवा कडेवर घासायचा, आणि फोन आज्ञाधारकपणे मागे जायचा. कॉल चालूच असायचा, फक्त चेहरा कोपऱ्यात इवलासा व्हायचा. आईला वाटायचं कॉल तुटला. मग घाबरून ती दिसेल ते दाबायची, त्यात आवाज बंद व्हायचा किंवा कॉल खरंच तुटायचा. ताईच्या त्या वाक्यावरही हेच झालं असणार. आईने फोन ठेवला नव्हता. "आपल्यातली नाहीये" हे ऐकून तिने हात जरा आवळला असेल, इतकंच.

हे आईला दाखवलं तेव्हा ती बराच वेळ आपल्या तळव्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे माझे हात ठीक आहेत?" डॉक्टरांकडे आम्ही गेलोच, वेळ रद्द केली नाही. तपासणीत वयाच्या मानाने सगळं ठीक निघालं. पण त्या रविवारी तिच्या तोंडावर जे दिसलं ते डॉक्टरांच्या कागदाने आलं नसतं.

आता तुम्ही विचाराल, मग हा फोन वाईट का? आम्ही तसं म्हणणार नाही. मापात पक्षपात नको. त्याच दिवशी आम्ही दोन दुरुस्त्या केल्या. सेटिंगमध्ये जाऊन कडेवरची खूण बंद केली आणि खाली जुनी तीन बटणं आणली. मग दोन्ही कडांवर चढणारं जाड कव्हर घातलं. पुन्हा वीस फोन लावले, घोटाळे दोनच. काही फोनांत कडेचा स्पर्श दुर्लक्षित करायची सोयही असते, ती शोधून सुरू करा. ज्यांच्या घरी असा फोन आहे त्यांनी नवा घेण्याआधी एवढं करून बघावं. फुकटात होतं.

पण मग एक प्रश्न उरतो. ज्या वळणासाठी जास्त पैसे मोजले, तेच वळण कव्हराखाली झाकून टाकायचं, तर घेतलं कशाला?

बाकीचीही मापं सांगतो. आई रात्री फोनवर हरिपाठ वाचते. ओळीची शेवटची अक्षरं वळणावर जायची, तिथे ट्यूबलाइटची एक पांढरी रेघ कायम चमकायची, आणि पांढरं पान कडेला किंचित हिरवट दिसायचं. वाचणारा माणूस मग फोन इकडे तिकडे कलता करत बसतो. सिनेमा बघायला हे चालून जातं. पोथीला चालत नाही.

काचेवर लावायच्या संरक्षक काचेचा तर वेगळाच तमाशा. सपाट फोनला टेम्पर्ड ग्लास दोन मिनिटांत बसते. वळलेल्या कडेवर ती नीट बसत नाही, म्हणून पातळ गोंद ओतून निळ्या-जांभळ्या दिव्याखाली वाळवतात. तो गोंद स्पीकरच्या भोकांत किंवा बटणांच्या फटीत शिरला की दुखणं वाढलं. असा गोंद वापरू नका असं काही फोन कंपन्यांनीच सांगितलेलं आहे. आणि पडण्याचं म्हणाल तर प्लास्टरचं काम पाहिलेल्या माणसाला सांगायला नको, भिंत मधे फुटत नाही, कोपऱ्यावर फुटते. सपाट फोनच्या कडेला धातूची किंवा प्लास्टिकची चौकट मार खाते, इथे बराचसा मार काचेला.

चांगलं काय? हातात पातळ लागतो. जवान हातात सुंदर बसतो, कडेवरून बोट सरकवताना अडत नाही, आणि दिसतो खरंच देखणा. ज्याला तो बोटांवर तोलता येतो आणि जो दोन वर्षांत फोन बदलणारच आहे, त्याने खुशाल घ्यावा.

दुकानात एक गोष्ट मात्र जरूर बघा. कधी कधी दुकानदार नुसती काचेची कड गोल केलेला फोनही 'कर्व' म्हणून दाखवतात. त्यात खालचा पडदा सपाटच असतो, आणि तो म्हाताऱ्या हातांना काही त्रास देत नाही. फरक ओळखायचा तर फोनवर पांढरं पान उघडा आणि बाजूने बघा, प्रकाश कडेवरून खाली उतरतो की आतच थांबतो. आणि ज्यांच्यासाठी घेताय त्यांना सोबत न्या. आईला जेल रोडच्या गर्दीत कशाला न्यायचं म्हणून आम्ही तिला घरी ठेवलं, ती चूक आमची. दुकानात तिच्या हातात पाच मिनिटं फोन देऊन स्वतः बाहेर जाऊन तिला दोन फोन लावले असते, तर हे भाषण करायची वेळ आली नसती.

शेवटी आईला आम्ही सपाट पडद्याचा, निम्म्या किमतीचा फोन घेऊन दिला. वीस फोन लावले, घोटाळा एक, तोही चष्मा नव्हता म्हणून. वळलेल्या कडेचा फोन आमच्या चिरंजीवांकडे आला. त्यांनी पहिल्याच दिवशी कव्हर काढून टाकलं. दिवाळीपर्यंत त्या काचेचं काय होतं ते बघू.

नव्या फोनवरून आईने पहिला कॉल ताईला केला. आम्ही शेजारीच होतो. ताईने उचलला, पण दोघी काही बोलेनात. मग आईच म्हणाली, "त्या दिवशी मी ठेवला नव्हता गं. फोन मेला मागे गेला होता." आणि ताई रडायला लागली तशी म्हणाली, "रडतेस काय, मुलगी दाखव आधी."

मुलगी शेजारच्या खोलीतच होती म्हणे. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त आहे. आई आतापासून विचारते आहे, ग्वाल्हेरच्या गाडीचं तिकीट काढलं का.

आरतीची ताटं तयार झालेली दिसतात. आमचा वेळ संपला. नमस्कार.