मोहोरावरच्या माशीचा हिशेब

(केळशी, ता. दापोली येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने कीटकांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मधमाशी आमच्या शास्त्रात १९५२ सालीच शिरली. जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने त्या वर्षी सफरचंदाच्या बागेचे व मधपाळाचे उदाहरण मांडले. बागेतील फुलांमुळे मधपाळाला मध मिळतो, त्याच्या माश्यांमुळे बागेला फळ धरते, आणि बाजार या परस्पर उपकाराचे मोल करीत नाही. पुढे १९७३ साली स्टीव्हन च्युंग यांनी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात प्रत्यक्ष चौकशी केली. तेथे बागायतदार व मधपाळ रीतसर करार करतात, पेट्यांचे भाडे ठरवितात, असे त्यांना आढळले. बाजारवाद्यांना याचा फार आनंद झाला.

त्यांनी केळशीच्या आंबाबागेत येऊन असा करार करून दाखवावा. आंब्याचे फूल लहान व उथळ, त्याचा मध उघडा. त्यावर मधमाश्यांबरोबर, आणि पुष्कळदा त्यांच्याहून अधिक, नाना जातींच्या रानमाश्या येतात. त्यांना ना पेटी, ना मालक. कोणाची अळी माव्यावर जगते, कोणाची कुजत्या पाचोळ्यात वाढते. ऑस्ट्रेलियातील काही आंबा बागायतदार या माश्यांना बोलावण्यासाठी बागेत सडके मांस टांगतात. (हर्णै बंदराच्या शेजाऱ्यांना एवढा खटाटोप पडू नये!) भाडे द्यायचे तरी कोणाला? आणि ज्याला भाडे नाही, त्याची बागेच्या वहीत नोंदही नाही. तेथे औषधाचे बिल चढते, फवारणीची मजुरी चढते. माशीचे काम चढत नाही.

फवारणी करणाऱ्याला मी दोष देत नाही. तुडतुडे व फुलकिडे हे खरे संकट आहे. बाग कराराने घेतलेला माणूस एका हंगामापलीकडे पाहू शकत नाही. मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारणी शक्यतो टाळावी, हा सल्ला त्याच्या कानावर असतो. पण तुडतुडा डोळ्यांना दिसतो, न आलेली माशी दिसत नाही.

उपाय निघतो तो एकेका जातीच्या नेमक्या ज्ञानातून. इंग्रजी अमदानीत आपल्याकडे कीटकशास्त्र मुख्यतः पिकांच्या शत्रूंचे शास्त्र म्हणून वाढले. तरीही बिहारमधील पुसा येथे फ्रँक हाउलेट यांनी १९१२ च्या सुमारास एक गोष्ट टिपली. सिट्रोनेला तेलाकडे फळमाशीचे नर ओढले जात होते. या ओढीचा मागोवा घेत ते मिथाइल युजेनॉल या द्रव्यापर्यंत पोचले. १९७२ साली दापोलीला स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच द्रव्यावर चालतो. फळमाशीचे नर त्यात अडकतात आणि झाडावर औषधाचा थेंब पडत नाही. हाउलेट यांच्या निरीक्षणाला त्या दिवशी बाजारात कोणी कवडी दिली नसती.

अशी निरीक्षणे चिकाटीने करावी लागतात. जर्मनीतील क्रेफेल्ड येथील हौशी अभ्यासकांच्या मंडळाने २७ वर्षांच्या काळात ६३ संरक्षित ठिकाणी सापळे लावून उडत्या कीटकांचे वजन केले. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: घट तीन चतुर्थांशांहून अधिक! जुनी वही होती, म्हणून ही घट सिद्ध करता आली.

वहीची तरतूद आपल्याकडेही आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे स्थानिक समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर देशभर वह्या पुऱ्या करण्याची घाई उडाली. घाईत झाडे लिहून काढता येतात, माश्या नाही. त्यांच्या जाती ओळखणारा कीटकशास्त्रज्ञ लागतो, आणि त्याला पगार लागतो. त्याच्या ज्ञानाचा लाभ सर्वांना होत असल्याने एकटा बागायतदार तो खर्च उचलणार नाही. तो सरकारी तिजोरीतूनच आला पाहिजे. कीटकनाशकांवर जो कर गोळा होतो, त्यातील एक वाटा या कामासाठी राखून ठेवण्यास काय हरकत आहे?

तोवर आपण एवढे करू शकतो. मोहोर फुलला की एक फवारलेली व एक न फवारलेली बाग निवडावी. दोन्हींत त्याच वेळी, ठरावीक झाडांवर बसणाऱ्या माश्या शाळेतील मुलांनी मोजाव्यात, नमुने ओळखीसाठी दापोलीला पाठवावेत आणि तो तक्ता नोंदवहीला जोडावा. पुढच्या मोहोराला पुन्हा तीच झाडे. ग्रामसभेत हा ठराव मांडण्यास कोणी तयार असेल, तर मसुदा मी आजच लिहून देतो.