निर्दोष की नुसताच सुटला?
(वर्धापन दिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही शिकलेला वक्ता नाही. नववी नापास माणूस. पुढचं शिक्षण गिरणीच्या गेटवर नि वाचनालयात झालं. आज एका शब्दावर बोलायचे आहे : निर्दोष.

१९९४ साली मी वाइंडिंग खात्यात असताना सुताचे कोन कमी भरले. मला चार्जशीट मिळाली, तिची नक्कल खात्याच्या बोर्डावर लागली. चार महिने सस्पेंड. चौकशीत काही निघाले नाही, तेव्हा बंद पाकिटातून पत्र आले, की आरोप सिद्ध होत नाही, सबब संशयाचा फायदा देऊन कामावर घेत आहोत. मी खूश. बायको म्हणाली, "अहो, पण तुम्ही चोरी केली नाही असं कुठं लिवलंय ह्यात?" खरंच नव्हते. चाळीत लोक म्हणायचे, "सुटला." सुटला म्हणजे आधी अडकला होता, हे आलेच की!

वर्तमानपत्रात 'पुराव्याअभावी सुटका' येते, 'निर्दोष मुक्तता' येते. आपण दोन्ही एकाच मापाने मोजतो. पहिल्यात पुरावा कमी पडला एवढेच कळते. 'दोषमुक्त'सुद्धा मला खटकतो. कर्जमुक्त म्हणजे कर्ज होते, फिटले. निर्दोष म्हणजे दोष नव्हताच.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात यासाठी 'सतिविनय' हा शब्द आहे. सति म्हणजे स्मृती. राजगृहाच्या वेळुवनात दब्ब मल्लपुत्त नावाचे अर्हंत संघाच्या मुक्कामाची नि भोजनाची व्यवस्था बघायचे. (असल्या कामाच्या माणसाकडेच बोट जाते, हे आपले कार्यकर्ते जाणतात.) मेत्तिय आणि भुम्मजक यांच्या गटाला एका घरी कण्या नि आंबट पेज वाढली गेली. हे दब्बांचेच काम असा ग्रह करून त्यांनी एका भिक्षुणीला दब्बांवर शीलभंगाचा खोटा आळ घ्यायला लावले. तथागतांनी विचारले, असे केल्याचे आठवते का? दब्ब म्हणाले, भगवंत मला जाणतातच. पण तेवढ्यावर भागवले नाही. केले असेल तर केले म्हण, नसेल तर नाही म्हण! दब्ब म्हणाले, स्वप्नातसुद्धा नाही. आळ रचणाऱ्यांनीही कबुली दिली. तरी प्रकरण तिथेच मिटवले नाही. संघापुढे ठराव आला, तीनदा पुकारला गेला. मान्य त्याने गप्प राहावे, अमान्य त्याने बोलावे. भिक्षुसंघाला ठराव, मतदान ठाऊक होते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत सांगितले, ते काही उगीच नाही.

माझी चार्जशीट बोर्डावर आणि सुटका पाकिटात. मला तिथेच खुपते.

आता आपल्या घरचे बोलतो, राग मानू नका. गेल्या वर्षी वर्गणीचा हिशेब जुळेना, तेव्हा भर सभेत आपण एका तरुण कार्यकर्त्याकडे बोट दाखवले. मीही दाखवले. पुढे एक पावतीपुस्तक कपाटातच सापडले, पैसे जुळले. आपण जिन्यावर त्याला म्हणालो, "जाऊ दे रे, विसर आता." तेव्हापासून तो रविवारच्या वंदनेला येत नाही.

अध्यक्ष महाशय, तो निर्दोष आहे असे सभेच्या वहीत लिहावे, त्याला मानाने बोलावून त्याच्यासमोर मोठ्याने वाचावे, असा मी ठराव मांडतो. कोणाला अमान्य असेल त्याने आत्ताच बोलावे.

जय भीम.