सहगुणक डळमळतात तेव्हा



हिवाळ्यात दिल्लीच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते: यमुनेत अमोनिया वाढला, वझिराबाद आणि चंद्रावल येथील जलशुद्धीकरण केंद्रांचे उत्पादन घटले. सकाळचा नळ कोरडा पडतो, टँकरभोवती बादल्यांची रांग लागते. या बातमीत फळ्यावरचे एक गणित दडलेले आहे.

एका केंद्राला रोज 100 मापे पाणी हवे. (आकडे समजण्यापुरतेच.) नदीच्या पाण्याला मापामागे एक रुपया पडतो, कालव्याच्या अमोनियारहित पाण्याला तीन. मिश्रणात लिटरमागे 0.9 मिलिग्रॅमहून अधिक अमोनिया चालत नाही. नदीत तो 1.2 धरला, तर 75 मापे नदीचे व 25 मापे कालव्याचे पाणी घ्यावे. खर्च 150 रुपये. याहून स्वस्त उत्तर नाही. अटी पाळून किमान खर्च शोधणाऱ्या या शास्त्राला, म्हणजे रेषीय नियोजनाला, जॉर्ज डँटझिग यांनी 1947 मध्ये सिम्प्लेक्स रीत दिली. 1984 मध्ये ग्वाल्हेरात जन्मलेल्या नरेंद्र करमरकरांनी अवाढव्य उदाहरणांसाठी निराळी, वेगवान रीत मांडली. मराठी माणसाला त्याचा अभिमान वाटतो आणि तो रास्तच आहे.

परंतु या दोन्ही रीती 1.2 हा सहगुणक खरा मानून चालतात. नदी तसे वचन देत नाही. एका रात्रीत तो 1.5 झाला, तर त्याच मिश्रणातील अमोनिया 1.125 वर जातो आणि केंद्र थांबवावे लागते. नदीचे पाणी 60 मापांवर आणले तर खर्च 180 होतो, पण 1.5 पर्यंत अट मोडत नाही. दोहोंत श्रेष्ठ उत्तर कोणते? खरी तुलना जादा 30 रुपये आणि कोरडा नळ यांची आहे. भीती 1.8 ची धरली तर खर्च 200 वर जातो. शिवाय कालव्याचे पाणीही अमर्याद नाही.

ही शंका काल्पनिक नव्हे. बेन-ताल आणि नेमिरोव्स्की यांनी 2000 साली 90 प्रसिद्ध उदाहरणे तपासली. अनिश्चित सहगुणकांत केवळ 0.01 टक्के फरक पडला, तरी 13 उदाहरणांतील 'सर्वोत्तम' उत्तरे एखादी अट 50 टक्क्यांहून अधिक मोडू शकत होती! त्याआधी, 1959 मध्ये, चार्न्स आणि कूपर यांनी प्रश्नाचे रूपच पालटले होते: शंभरपैकी किती वेळा अट मोडली तर चालेल, हे आधी ठरवा. ती संख्या कोणतीही रीत शोधून देत नाही. ती नदीच्या अनेक हिवाळ्यांच्या नोंदी पाहून, आणि नळाशी उभ्या असलेल्यांना विचारून ठरवावी लागते.