लेकरांच्या पोटातलं शेत



संयोजकांनी मला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’ असा विषय दिला होता. मी फोन करून तो बदलून घेतला. माझं पोट कॉम्प्युटरवर भरतं हे खरं आहे. पण समोर बघते तर आपल्यात शिक्षक आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, दोघांची मेडिकल दुकानं आहेत, काही मैत्रिणी तर आजी झाल्या आहेत, आणि शेती जवळजवळ सगळ्यांच्या घरी आहे. अशा मंडळींसमोर लेकरांच्या पोटाबद्दल बोलावं असं मला वाटलं. मी डॉक्टर नाही. आई म्हणून जे बघितलं आणि इंजिनिअरच्या चिकटपणानं जे वाचलं तेवढंच सांगते. शेवटी बॅचनं जमवलेल्या पैशांबद्दल एक मागणी करणार आहे, तीही याच विषयातून निघते.

सुरुवात सोयाबीनपासून करते. पेरणीच्या आधी आपल्याकडे बियाण्याला काय लावतात? गुळाच्या पाण्यात रायझोबियमचं पाकीट कालवायचं, बियाण्याला हलक्या हातानं चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि मग पेरायचं. हे रायझोबियम म्हणजे जिवाणूच. तो मुळांवर गाठी करून राहतो, हवेतला नत्र पिकाला देतो आणि पिकाकडून आपलं अन्न घेतो. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी आणि जिवाणू सगळ्यात शेवटी, हेही आपल्याला माहीत आहे. क्रम चुकला तर पाकिटाचे पैसे वाया जातात. ज्याला एवढं समजतं त्याला लेकराच्या पोटाचं अर्धं शास्त्र आधीच समजलेलं असतं.

आपण शाळेत असताना जिवाणू म्हटलं की कॉलरा, विषमज्वर, क्षय एवढंच डोळ्यांसमोर यायचं. आता शास्त्रज्ञांचा अंदाज असा आहे की मोठ्या माणसाच्या शरीरात जितक्या पेशी, साधारण तितकेच जिवाणू असतात आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. जन्माच्या वेळी बाळाचं आतडं जवळजवळ रिकामं असतं. पेरणी सुरू होते ती बाळंतपणात आणि आईच्या अंगावर. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. मग निसर्गानं त्या कशाला घातल्या? त्या असतात बिफिडोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूंसाठी. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये हा जिवाणू पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए यांना १८९९ च्या सुमारास सापडला. तो त्या साखरेवर वाढतो, आतड्यात आम्लता तयार करतो आणि त्यामुळे रोगजंतूंना बस्तान बसवणं अवघड जातं. म्हणजे आई एका वेळी दोघांना जेवू घालते, बाळाला आणि त्याच्या पोटातल्या राखणदाराला. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नको, असं अंगणवाडीच्या ताई सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे.

हे शेत तयार व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. तोपर्यंत ते कोवळं असतं. म्हणूनच एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये असं डॉक्टर सांगतात. मधात कधीकधी बॉट्युलिझमच्या जंतूंची बीजं असतात. मोठ्यांच्या आतड्यातले जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत, बाळाच्या पोटात मात्र ती रुजू शकतात. पुढे वय वाढेल तशी ही वस्ती बदलत जाते. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातले डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच छताखाली राहणाऱ्या दोन भारतीय कुटुंबांमधल्या तीन-तीन पिढ्यांचे आतड्यातले जिवाणू तपासले होते. तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. नमुना छोटा होता, पण एकाच घरात राहूनही पिढीगणिक जिवाणूंचं प्रमाण वेगळं दिसलं.

आता माझ्या घरातलं सांगते. माझी मुलगी चौदा महिन्यांची असताना पुण्यात तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. जवळच्या एका दवाखान्यात चार औषधं लिहून मिळाली. त्यात एक अँटिबायोटिक होतं. मी विचारलं, ‘हे कोणत्या जंतूसाठी?’ उत्तर आलं, ‘सगळं कव्हर होऊन जाईल.’ आमच्या कामात बिघाड कुठे आहे हे न बघता कुणी सगळाच प्रोग्रॅम पुसायला निघालं, तर त्याला कॉम्प्युटरला हात लावू देत नाहीत. मी ती चिठ्ठी घेऊन दुसऱ्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी लेकराचे डोळे बघितले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, लघवी कधी झाली ते विचारलं आणि चारही औषधांवर रेघ मारली. खाली दोनच गोष्टी लिहिल्या, ओआरएस आणि झिंक. म्हणाल्या, ‘अंगावरचं दूध चालू ठेवा, खायला द्या, आणि लघवी किती वेळा झाली ते लिहून ठेवा.’ त्या रात्री मी वहीत वेळा लिहीत आणि चमच्याचमच्यानं पाणी पाजत बसले. पहाटे लंगोट ओला लागला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि अँटिबायोटिक विषाणूला मारत नाही. ते मारतं पोटातल्या चांगल्या पिकाला. उभ्या सोयाबीनमध्ये सगळंच जाळणारं तणनाशक फवारावं तसं होतं ते. अँटिबायोटिकनंच जुलाब लागलेली लेकरंही कमी नसतात. याचा अर्थ ते औषध वाईट असं अजिबात नाही. शीमधून रक्त पडत असेल, कॉलरा असेल, न्यूमोनिया असेल तर तेच औषध जीव वाचवतं. डॉक्टरांनी नीट तपासून दिलं तर सांगितले तितके दिवस पूर्ण द्यावं. आपल्या मेडिकलवाल्या दोन्ही मित्रांना मात्र हात जोडून विनंती आहे, चिठ्ठीशिवाय कुणी मागितलं तर देऊ नका. आणि मोठ्यांची जुलाब थांबवणारी गोळी लेकरासाठी तर मुळीच देऊ नका.

जुलाबात लेकरू दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यानं. त्याचं औषध सर्वांत स्वस्त आहे आणि त्याची मोठी परीक्षा आपल्याच देशात झाली. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली. आजाऱ्यांच्या आप्तांनीच ते पाजलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. साखर आतड्यातून आत जाताना मिठालाही सोबत नेते आणि त्यांच्यामागे पाणी जातं, एवढीच त्यातली युक्ती.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं, अर्धं-अर्धं करून नाही. दोन वर्षांखालच्या लेकराला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर पाजायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्यानं द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालायचं. झिंक चौदा दिवस द्यायचं, सहा महिन्यांच्या वरच्या लेकराला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. दुकानातल्या गोड पेयांवर ‘ओआरएस’ लिहिलेलं असायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांना ते नाव वापरायला मनाई केली. तरी पाकीट घेताना त्यावरचं सूत्र वाचायची सवय ठेवा. लेकरू मलूल झालं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी नाही, काहीच पोटात ठरत नाही किंवा शीत रक्त दिसलं, तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात फुकट मिळते, तीही चुकवू नका.

मग प्रोबायोटिक द्यावं की नाही, असं मला नेहमी विचारतात. ओडिशातल्या खेड्यांमध्ये साडेचार हजारांवर नवजात बाळांचा मोठा अभ्यास झाला आणि २०१७ मध्ये तो ‘नेचर’मध्ये छापून आला. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या गटानं एक विशिष्ट जिवाणू, त्याच्या खाद्यासकट, सात दिवस पाजला. बाळांमधला जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. पण पुढच्याच वर्षी अमेरिका आणि कॅनडामधले दोन मोठे अभ्यास आले. तिथं जुलाब झालेल्या मुलांना वेगळे जिवाणू दिले आणि काहीच फरक पडला नाही. रायझोबियमचंही तसंच आहे ना? सोयाबीनचं पाकीट वेगळं आणि हरभऱ्याचं वेगळं. कोणता जिवाणू, कोणत्या वयात, कशासाठी, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय महागडी कुपी घेऊ नका. घरचं दही आणि ताक मात्र लेकराला जरूर द्या. ताक-कण्या आपण सगळे खाऊनच मोठे झालो. पण ते अन्न आहे, औषध म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

खरा प्रश्न पेरल्यावर खत काय घालायचं हा असतो. ढाक्यातल्या मीरपूर वस्तीत १२ ते १८ महिन्यांच्या कमी वजनाच्या सुमारे १२० मुलांवर एक प्रयोग झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचं भरपूर उष्मांकाचं पोषक अन्न दिलं. दुसऱ्या गटाला जिवाणूंचा विचार करून बनवलेलं अन्न दिलं, त्यात उष्मांक कमी होते. तीन महिन्यांत वजनाची वाढ दुसऱ्या गटात जास्त चांगली दिसली. त्या अन्नात काय होतं माहीत आहे? हरभऱ्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाणे आणि कच्ची केळी! हे वाचून मी थांबलेच. हरभरा आणि सोयाबीन तर आपल्या घरोघरी, केळी वसमतच्या बागांमध्ये, आणि आपलं लेकरू दुकानासमोर पाच रुपयांच्या कुरकुऱ्यांसाठी रडत असतं. तो प्रयोग मोजून-मापून, वैज्ञानिकांच्या देखरेखीखाली झाला होता, घरी तसंच्या तसं करा असं मी म्हणत नाही. पण डाळ, फुटाण्यांचं पीठ, शेंगदाण्याचा कूट, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, एवढं तर आपल्या हातात आहे.

आता मागणीकडे येते. पोटाचा एक त्रास असा आहे की तो घरी नाही, शाळेत सुरू होतो. शाळेचं संडास घाण असेल, दाराला कडी नसेल, नळाला पाणी नसेल, तर मूल दिवसभर दाबून धरतं. रोखून धरलेल्या शीमधलं पाणी आतडं शोषून घेतं, ती कडक होते, मग दुखतं आणि दुखतं म्हणून मूल आणखी धरून ठेवतं. पुढे पुढे कडक गोळ्याच्या बाजूनं पातळ शी कपड्यांत गळते आणि घरचे जुलाब समजून उलटंच औषध देतात. आपल्या वेळी आम्ही मुली सकाळी घरून निघताना पाणी पीत नव्हतो, हे या सभागृहातली प्रत्येक मैत्रीण जाणते. यात गुरुजनांचा दोष नव्हता, तेव्हा सोयच नव्हती. आणि जिथं उघड्यावरची घाण हातातून, पाण्यातून रोज थोडी थोडी पोटात जात राहते, तिथं आतड्याला सतत सूज राहते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. कितीही चांगलं पेरा, बांध फुटलेला असेल तर शेत वाहूनच जाणार.

आपल्या ग्रुपवर शाळेला कमान बांधायचा विचार चालू आहे. कमान सुंदर दिसेल, तिच्यावर आपल्या बॅचचं नावही येईल. पण माझी विनंती आहे की हा पैसा मुलींच्या आणि मुलांच्या संडासांना, पाण्याच्या टाकीला आणि जेवणाआधी हात धुवायच्या नळांना द्यावा. बांधकाम एकदाच होतं, देखभाल रोज लागते, हे मी माझ्या धंद्यात शिकले आहे. म्हणून निम्मी रक्कम बँकेत ठेवू आणि तिच्या व्याजातून साबण, दुरुस्ती आणि साफसफाई करणाऱ्या ताईंचा पगार भागवू. कमी पडेल ते दरवर्षी आपण घालू, माझं पहिल्या वर्षाचं मी आजच देते. आपण शाळा सोडली तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता, १ मे १९९९ ला तो जिल्हा झाला. तेव्हापासून एक पिढी शिकून बाहेर पडली. आज आत बसलेल्या पोरी कुणाच्या ना कुणाच्या लेकी आहेत. त्यांना सकाळी पोटभर पाणी पिऊन शाळेत येता यावं, एवढंच मागते.

जेवणानंतर बैठक आहे. तिथं हा विषय मतदानाला घ्यावा, अशी संयोजकांना विनंती करते.